दहा किलोच्या खाली

तुर्भ्याला, कांदा-बटाटा मार्केटच्या मागे,
वजनकाट्यावर माझी रात्रपाळी.
पावतीवर तीनच ओळी छापून येतात:
भरलेलं वजन,
रिकामं वजन,
निव्वळ.
मागची बाजू कोरी.

कर्णिकबाईंचा वर्ग कोपरखैरण्याला, वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर,
दोन रविवार, फी पन्नास, चहा धरून.
पाच, सात, पाच, बाई म्हणाल्या, आणि कुठेतरी ऋतू हवा.
अकरा जणांनी फ्लेमिंगो आणले.
मी विचारलं, द्राक्षांचे क्रेट संपून
हापूसच्या पेट्या सुरू झाल्या,
तर तो ऋतू धरतात का?
बाई थांबल्या. म्हणाल्या, धरायला हवा.

तेव्हापासून बोटांच्या पेरांवर मोजते.
जोडाक्षराला एकच पेर:
केबिनमध्ये दोघं बसले तरी गाडी एक.
पहिलं जमलं ते हे:

        काटा स्थिरेना
        टपावर क्लीनर
        कूस बदले

यात थोडं खोटं आहे.
आकडा हलत होता तो खाडीकडच्या वाऱ्यानं.
आमचा काटा इतका हळवा नाही,
दहा किलोच्या खाली तो बोलतच नाही.
कुत्र्याचं पिल्लू चढून बसलं, आकडा तोच.
जेवणाचा डबा, काचेतला सुकलेला झेंडू,
बायकोनं दिलेली लोणच्याची बरणी,
सगळं शून्यात.

लुकमान तांबोळी, आळेफाटा, आठवड्याला दोन खेपा.
त्या रात्री भरल्या गाडीत
स्टिअरिंगवर कपाळ टेकून झोपला होता.
ड्रायव्हरला खाली उतरवायचा नियम आहे.
उठवलं नाही मी.
पहाटे रिकामी गाडी काट्यावर लावून
तो चहाला गेला, मी बटण दाबलं,
आणि निव्वळ मालात
सत्तर किलो जास्त निघाले.

पावती रद्द. त्याला हाक मारून परत गाडीत बसवलं,
बटण पुन्हा दाबलं.
रद्द पावती फेकवेना, मागे लिहिलं:

        कांद्यात आज
        एक माणूस गेला
        पावती आहे

खिडकीतून हात घालून त्यानं ती उचलली.
ओठ हलवत वाचली.
हा मीच ना?
हो.
मग नाव का नाही घातलंत?
तुम्ही चार अक्षरी, म्हटलं. माणूस तीन.
एक जास्त होत होतं.
असा हसला की चहा सांडला
माझ्या गेटपास बुकावर. अजून डाग आहे.

मग म्हणाला, एक माझ्या गाडीवर लिहा. मापात.
मागे दोन टेम्पो उभे, तरी लिहिलं:

        रिकामी गाडी
        वास तेवढाच नेते
        आळेफाट्याला

त्यानं बोटं उघडली.
मी शिकवलं नव्हतं, नुसतं बघून उचललं होतं.
पहिली ओळ पास.
दुसरीला करंगळी, अनामिका, परत करंगळी,
कपाळाला आठी.
मॅडम, आठ भरतायत.
मी मोजलं. आठच.
ओव्हरलोड आहे, म्हणाला, माळशेजला धरतील.
काय उतरवू?
त्यानं गंभीरपणे पूर्ण ओळीवरून अंगठा फिरवला,
पोत्यांची थप्पी बघावी तसा,
आणि थांबला.
हा च उतरवा. बाकी माल हलवू नका.

उतरवला.
त्यानं कागद चार घड्या करून वर खोचला,
पीयूसीच्या शेजारी.
गाडी पुलाकडे वळली
तेव्हा मागच्या फळीच्या फटीतून
कांद्याची सालं उडत होती, तांबूस, पातळ,
कुठल्याच आकड्यात नसलेली.

मी माझ्या कार्बन प्रतीवर
तो च परत चढवला.
तेवढाच.
काटा काही बोलला नाही.
पुढची गाडी लसणाची होती,
केव्हाची हॉर्न देत होती.